साइटवर हल्ला झालाय म्हणे? फायरवॉल घेण्याआधी हे वाचा

प्रश्न सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेल उत्पादकाचा आहे. त्यांची वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर चालणारी विक्रीची साइट दिवाळीच्या तोंडावर दोनदा बसली. होस्टिंग कंपनीने ‘तुमच्यावर डीडॉस हल्ला आहे’ (म्हणजे अनेक ठिकाणांहून खोट्या मागण्यांचा भडिमार करून साइट बंद पाडणे) असे सांगून खातेच बंद ठेवले. मागोमाग ‘बिटकॉइन पाठवा, नाहीतर पुन्हा करू’ असा ईमेल आला. आता एका विक्रेत्याने कारखान्याच्या ऑफिसात बसवायला दीड-दोन लाखांची हार्डवेअर फायरवॉल सुचवली आहे. ती घ्यावी का, पैसे द्यावेत का, आणि पोलिसांत जाऊन काही उपयोग होतो का, असे त्यांनी विचारले आहे.

फायरवॉल घेऊ नका. तुमची साइट अक्कलकोट रोडवर नाही, कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर आहे. पुण्याचा ग्राहक टॉवेल बघतो तेव्हा त्याची रिक्वेस्ट तुमच्या ऑफिसच्या राउटरजवळूनही जात नाही. ती पेटी ऑफिसातले संगणक आणि टॅलीचा सर्व्हर सांभाळेल. त्यासाठी हवी असेल तर तो विचार वेगळा करा. साइटची रिक्वेस्ट या पेटीतून नेमकी कधी जाणार, हे विक्रेत्याला एकदा विचारा. उत्तर ऐकण्यासारखे असेल.

पैसेही देऊ नका. असे ईमेल बहुधा घाऊक पाठवलेले असतात. २०२० मध्ये ‘फॅन्सी बेअर’सारख्या गाजलेल्या टोळ्यांची नावे लावून जगभरच्या बँकांना आणि कंपन्यांना अशाच धमक्या गेल्या होत्या. धमकी खरी असली तरी पैसे देऊन सुटका होते असे नाही. प्रोटॉनमेल या स्विस ईमेल सेवेने नोव्हेंबर २०१५ मध्ये दबावाखाली खंडणी भरली आणि हल्ले तरीही चालूच राहिले. ईमेलला उत्तर देऊ नका, पण तो पुसूही नका. हेडरसकट, म्हणजे तो कुठून कसा आला याच्या नोंदीसकट, जपून ठेवा, पुढे लागेल.

आता होस्टिंगवाल्याचे म्हणणे. त्याने सांगितले म्हणून तो हल्लाच होता असे धरून चालू नका. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइटी एकाच सर्व्हरवर असताना, तुमच्या खात्याने सीपीयूची मर्यादा ओलांडली की खाते आपोआप बंद होते आणि सपोर्टवरचा माणूस तयार उत्तर चिकटवून देतो. ‘हल्ला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या बऱ्याच साइटींमागे भर दुपारी चालणारा बॅकअप प्लगइन निघाला आहे, किंवा कुणीतरी टाकलेली रील अचानक चालली म्हणून आलेले खरे गिऱ्हाईक. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सोलापुरातल्या दुकानांच्या साइटींवर आणि आषाढीआधी पंढरपूरच्या लॉजच्या बुकिंगवर अशी झुंबड उडते, तिला हल्ला म्हणत नाहीत. अलीकडे एआय कंपन्यांचे क्रॉलरही (आपोआप पाने वाचत फिरणारे प्रोग्राम) साइटचे प्रत्येक पान उपसत फिरतात. त्यांचा हेतू वाईट नसला तरी दोन जीबीच्या सर्व्हरला हेतू कळत नाही.

फरक ओळखायचा तो अॅक्सेस लॉगवरून, म्हणजे साइटवर कुणी केव्हा काय मागितले याच्या सर्व्हरने ठेवलेल्या नोंदीवरून. खरा माणूस मुखपृष्ठावर येतो, ‘डबल बेडच्या चादरी’ उघडतो, एखाद्या मालावर थांबतो, आणि त्याच्यासोबत फोटो, स्टाइलशीट, फाँट असे सगळे डाउनलोड होते. बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, साइटवरच्या एकाच पत्त्यावर शेकडो वेळा येतो, एकही फोटो मागत नाही, आणि पहाटे तीन वाजताही त्याचा वेग तोच असतो. ज्या मिनिटाला साइट बसली त्याच्या आधीची दहा मिनिटे काढा. साइटवरचा कोणता पत्ता किती वेळा मागितला गेला आणि कोणत्या आयपीवरून (म्हणजे इंटरनेटवरच्या कोणत्या जोडणीच्या क्रमांकावरून), एवढी दोन कोष्टके केली की बहुतेक वेळा चित्र उघड होते. लॉगमध्ये काहीच वावगे नाही आणि तरीही सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नव्हते, असे असेल तर लाइन भरली होती असा संशय घ्यायचा.

लाइन भरण्याचे प्रकरण वेगळे असते, ते आधी संपवतो. तुमच्या सर्व्हरला डेटा सेंटरमध्ये समजा एक गिगाबिटची जोडणी आहे. कुणी त्यावर दहा गिगाबिट कचरा ओतला, तर सर्व्हर कितीही भारी असला आणि त्यावर कितीही नियम लावले तरी उपयोग शून्य, कारण खऱ्या ग्राहकाचे पॅकेट तिथवर पोहोचतच नाही. असा कचरा जमवणे सोपेही झाले आहे. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या साइटवर १.३५ टेराबिट प्रतिसेकंद इतका मारा झाला. हल्लेखोरांनी इंटरनेटवर उघडे पडलेले मेमकॅश्ड (डेटा तात्पुरता साठवणारे) सर्व्हर गाठले, गिटहबचा पत्ता खोटा लावून त्यांना छोटेसे प्रश्न विचारले, आणि त्या सर्व्हरांनी प्रश्नाच्या हजारो पट मोठी उत्तरे गिटहबच्या दारात टाकली. ही वाढ ५१ हजार पटींपर्यंत जाऊ शकते. गिटहबनेही हे स्वतःच्या अंगावर झेलले नाही. त्यांनी ट्रॅफिक अकामाई या मोठे जाळे चालवणाऱ्या कंपनीकडे वळवला, तिथे तो गाळला गेला आणि दहा मिनिटांच्या आत साइट सावरली. लाइनचा प्रश्न लाइनच्या वरच्या बाजूलाच सुटतो, तुमच्या यंत्रावर नाही.

पण खरे सांगायचे तर तुमच्या साइटला पाडायला टेराबिट लागत नाहीत. हिशेब करा. दोन जीबी रॅमचा सर्व्हर आहे. डेटाबेस आणि सिस्टिमने निम्मी घेतली, एक जीबी उरली. वूकॉमर्सची एक पीएचपी प्रोसेस (पान तयार करणारे काम) ५० एमबी खाते असे धरले तर एका वेळी २० प्रोसेस चालतील. साइटवरच्या शोधाला दोन सेकंद लागत असतील, तर सेकंदाला फक्त १० शोध. अकरावा रांगेत उभा राहतो, रांग वाढत जाते आणि पाचेक मिनिटांत सगळ्यांनाच कोरे पान दिसू लागते. सेकंदाला १० रिक्वेस्ट पाठवायला बॉटनेट, म्हणजे ताब्यात घेतलेल्या यंत्रांची फौज, कशाला हवे? कुणाच्या लॅपटॉपवरची चार ओळींची स्क्रिप्ट पुरते. तेच पान कॅशेमधून, म्हणजे आधीच बनवून साठवलेल्या प्रतीतून, तयार एचटीएमएल म्हणून दिले तर तोच सर्व्हर सेकंदाला हजारो पाने देईल.

म्हणजे बघा, नवी पेठेतल्या दुकानात कुणी यावे, शंभर चादरी उलगडून दाखवायला लावाव्यात आणि काही न घेता उठून जावे. मागणाऱ्याचे एक वाक्य खर्च होते, घड्या घालता घालता नोकरांचा दिवस जातो. लहान साइटचा बचाव मुख्यतः इथे आहे. येणाऱ्याला अडवणे ही पुढची गोष्ट, आधी त्याच्या एका मागणीचा तुम्हाला पडणारा खर्च कमी करायचा.

वूकॉमर्समध्ये महाग पडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे फिल्टर. १२ रंग, ६ आकार, ५ किंमतगट आणि क्रमवारीचे ६ प्रकार म्हटले तर एकाच विभागाची २,१६० वेगवेगळी पाने तयार होतात. माणूस त्यातली चार उघडेल, क्रॉलर सगळी उघडतो, आणि प्रत्येक वेळी डेटाबेसला नव्याने राबावे लागते. फिल्टरचे पत्ते रोबोट्स फाइलमध्ये बंद करा. गुगलसारखे शहाणे बॉट ते पाळतात. न पाळणाऱ्यांसाठी पुढे सीडीएनवर, म्हणजे ग्राहक आणि सर्व्हर यांच्यामधल्या दुसऱ्याच्या जाळ्यावर, नियम लावायचा.

दुसरी जागा ‘कार्टमध्ये टाका’ या बटणाची लिंक. ही साधी लिंक असल्यामुळे बॉट तिच्यावरही जातो. मग वूकॉमर्स त्याच्यासाठी नवे सेशन उघडतो, डेटाबेसात ओळ लिहितो, आणि अशा पाहुण्याला कॅशेमधले पान मिळत नाही. एखाद्या रात्री फिरकलेला बॉट हजारो खोट्या कार्ट मागे ठेवून जातो. कुकी नसताना थेट या लिंकवर येणाऱ्याला चाचणी लावणे हा यावरचा रास्त उपाय आहे.

तिसरी चाल म्हणजे पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि मनाला येईल तो आकडा जोडणे. पान तेच असते, पण कॅशेला ते नवे वाटते आणि ती रिक्वेस्ट थेट पीएचपीकडे सोडते. अनोळखी पॅरामीटर दुर्लक्षित करा, असे कॅशेला सांगून ठेवावे लागते. हे सेटिंग केलेले मला फार क्वचित दिसते.

एक्सएमएल-आरपीसी ही वर्डप्रेसची जुनी फाइल बंदच करा. तिच्यातून एका रिक्वेस्टमध्ये शेकडो पासवर्ड तपासता येतात, शिवाय तुमची साइट दुसऱ्यावर सोडता येते. मार्च २०१४ मध्ये १ लाख ६२ हजारांहून अधिक वर्डप्रेस साइटी अशाच वापरून एका साइटवर हल्ला झाला होता आणि त्या साइटींच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. जेटपॅक हा प्लगइन वापरत असाल तर मात्र ती फाइल त्याला लागते, तेव्हा पूर्ण बंद न करता फक्त त्यांच्या आयपींना मोकळी ठेवा. वर्डप्रेसचा अंतर्गत क्रॉन (ठरलेली कामे वेळेवर चालवणारी सोय) पाहुणा आला की चालतो, म्हणजे गर्दीच्या वेळीच जास्त चालतो. तो बंद करून सर्व्हरच्या क्रॉनला दर दहा मिनिटांनी लावा. लॉगिनच्या पानावर मर्यादा घाला. ओटीपी पाठवणारा फॉर्म असेल तर एका नंबरला तासाला किती एसएमएस जातील तेही बांधून टाका, नाहीतर साइट चालू राहील आणि एसएमएसची शिल्लक संपेल.

स्लोलोरिस हे नाव कुणी सांगेल. २००९ पासूनचा प्रकार आहे, अर्धवट रिक्वेस्ट पाठवून अपाचे या वेब सर्व्हरची जोडणी अडकवून ठेवायची. पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर असेल आणि टाइमआउट नीट असतील तर त्याची फार काळजी नको. सिन फ्लड, म्हणजे अर्धवट जोडण्यांचा भडिमार, त्यासाठी लिनक्समध्ये सिन कुकीज हा बचाव आधीपासून चालू असतो.

एवढे झाल्यावर पुढे रिव्हर्स प्रॉक्सी लावा, म्हणजे ग्राहक आणि तुमचा सर्व्हर यांच्यामध्ये दुसऱ्याचे मोठे जाळे. असे जाळे चालवणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या मोफत योजनेतही सप्टेंबर २०१७ पासून डीडॉस संरक्षणाला मोजमाप नाही, हल्ला मोठा झाला म्हणून बिल येत नाही की ग्राहकाला काढून टाकत नाहीत. तुमच्या आकाराच्या साइटला सुरुवातीला हे पुरेसे आहे. पण फक्त नेमसर्व्हर (डोमेनचे नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचे ते सांगणारे) बदलून मोकळे झालात तर अर्धेच काम होते. हल्लेखोराला तुमच्या सर्व्हरचा मूळ आयपी माहीत असेल तर तो क्लाउडफ्लेअरला वळसा घालून थेट तिथे जातो, आणि तो आयपी शोधणे अवघड नाही. जुन्या डीएनएस (नावावरून आयपी सांगणाऱ्या) नोंदी साठवणाऱ्या सेवा आहेत. मेल त्याच सर्व्हरवरून जात असेल तर ऑर्डरच्या प्रत्येक ईमेलच्या हेडरमध्ये आयपी छापून जातो. ‘मेल’, ‘एफटीपी’, ‘सीपॅनेल’ हे सबडोमेन सरळ सर्व्हरकडे बोट दाखवतात. म्हणून मेल वेगळ्या सेवेवर न्या, प्रॉक्सी लावून झाल्यावर होस्टकडून नवा आयपी घ्या, आणि सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये वेबचे दार फक्त क्लाउडफ्लेअरच्या जाहीर आयपींसाठी उघडे ठेवा. शेअर्ड होस्टिंगवर हे धड करता येत नाही. व्हीपीएसवर, म्हणजे स्वतंत्र ताबा असलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर, जाण्याचे माझ्या मते हेच सर्वांत मोठे कारण आहे, वेग नंतर.

प्रॉक्सी आली की सर्व्हरला प्रत्येक पाहुण्याचा आयपी क्लाउडफ्लेअरचाच दिसतो. खरा आयपी हेडरमधून उचलायची सोय न करता फेल-टू-बॅन (संशयास्पद आयपी आपोआप अडवणारे सॉफ्टवेअर) चालू ठेवलेत, तर तो पहिल्या गडबडीत क्लाउडफ्लेअरलाच बंदी घालेल आणि साइट तुमच्याच हाताने बंद पडेल. रेट लिमिट, म्हणजे एका पाहुण्याला ठरावीक वेळात किती पाने द्यायची याची मर्यादा, लावतानाही भान ठेवा. आपल्याकडे मोबाइलवरचे शेकडो ग्राहक एकाच आयपीव्ही४ पत्त्याआडून येतात, त्यामुळे ‘एका आयपीला मिनिटाला २० पाने’ असा कडक नियम खऱ्या गिऱ्हाइकांनाच बाहेर ठेवतो. आयपीव्ही६ मध्ये उलटे होते. एका माणसाकडे पत्त्यांचा अख्खा गठ्ठा असतो, म्हणून तिथे एकेक पत्ता न मोजता ६४ बिटांचा पूर्वांक मोजायचा. कडक मर्यादा लॉगिन, शोध आणि कार्ट एवढ्यावरच ठेवा, मालाच्या पानांवर सैल.

प्रत्यक्ष मारा चालू असताना ‘अंडर अटॅक’ मोड आहे. तो लावला की प्रत्येक ब्राउझरची आधी तपासणी होते. मात्र इथे एक खाच आहे, तिच्यात दुकानदार हमखास अडकतात. पेमेंट गेटवे पैसे मिळाल्याचा निरोप तुमच्या साइटला वेबहुकने, म्हणजे सर्व्हरकडून सर्व्हरला आपोआप जाणाऱ्या मागणीने, पाठवतो. तोही बॉटच, त्याला तपासणी पार करता येत नाही. मग ग्राहकाचे पैसे कापले जातात, ऑर्डर ‘पेंडिंग’ राहते आणि फोन सुरू होतात. वेबहुकचा पत्ता आणि कुरिअरवाल्यांच्या सॉफ्टवेअरचा पत्ता तपासणीतून आधीच वगळून ठेवा, आणि वगळताना त्यांच्या जाहीर आयपींपुरतेच वगळा. मोड कायम चालू ठेवू नका.

भारताबाहेरचा सगळा ट्रॅफिक बंद करा, असाही सल्ला मिळेल. तुमचे टॉवेल निर्यात होतात, परदेशी खरेदीदार कॅटलॉग बघायला येतो, त्याला दारातून परत पाठवणे परवडणार नाही. बाहेरच्यांना हवी तर तपासणी लावा. आणि हल्ले भारतातूनही येतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने सीसीटीव्हीचे डीव्हीआर आणि घरगुती राउटर पकडले, कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड टाकून बघत. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याने डिन या डीएनएस कंपनीला घेरले तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अडखळले. तुमच्या गोडाऊनमधल्या डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्याने बदलला होता का, हे आजच बघा.

चादरीच्या साइटवर कोण कशाला हल्ला करेल, असे तुम्ही म्हणाल. मिराईची सुरुवात माइनक्राफ्ट खेळाचे सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांच्या आपसातल्या चढाओढीतून झाली, आणि ते लिहिणाऱ्या तीन अमेरिकन तरुणांनी २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला. एप्रिल २०१८ मध्ये युरोपातल्या पोलिसांनी बंद केलेल्या वेबस्ट्रेसर या सेवेत १ लाख ३६ हजार नोंदणीकृत वापरकर्ते होते आणि महिन्याला १५ युरोपासून हल्ला भाड्याने मिळत होता. इतक्या स्वस्तात मिळणाऱ्या गोष्टीला मोठे कारण लागत नाही. तरी पुराव्याशिवाय शेजारच्या कारखानदाराचे नाव घेऊ नका.

होस्टला तीन गोष्टी लेखी विचारा: किती ट्रॅफिकला तुम्ही आमचा आयपी नल-राउट करता, तो किती वेळाने परत सोडता, आणि गाळण्याची सोय आहे का. नल-राउट म्हणजे इतर ग्राहकांना वाचवण्यासाठी तुमच्याकडे येणारे सगळेच फेकून देणे, अर्थात हल्लेखोराचे काम फत्ते. आपोआप वाढणाऱ्या क्लाउडवर जात असाल तर कमाल मर्यादा आणि बिलाची सूचना लावल्याशिवाय जाऊ नका. तिथे साइट पडत नाही, बिल फुगते. अॅमेझॉनचे शील्ड स्टँडर्ड हे डीडॉस संरक्षण फुकट मिळते. शील्ड अॅडव्हान्स्ड महिना ३,००० डॉलर आणि वर्षाचा करार, ते तुमच्यासाठी नाही.

डोमेन कुणाच्या नावावर आहे तेही बघा. आपल्याकडे साइट बनवणाऱ्या मुलानेच ते स्वतःच्या ईमेलवर घेतलेले असते, तो पुण्याला नोकरीला गेलेला असतो, आणि नेमसर्व्हर बदलायची वेळ येते त्या रात्री फोन उचलत नाही. डोमेन तुमच्या खात्यात, टू-फॅक्टरसह हवे. नेमसर्व्हरचा बदल सगळीकडे पोहोचायला एखादा दिवसही जाऊ शकतो, तेव्हा प्रॉक्सी शांततेच्या दिवसांत लावून ठेवायची असते. शिवाय फोन, व्हॉट्सअॅप आणि कॅटलॉगची पीडीएफ असलेले एक साधे स्थिर पान दुसरीकडे तयार ठेवा. घाऊक ऑर्डर तशाही व्हॉट्सअॅपवरच येतात.

पोलिसांचे म्हणाल, तर जा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये सेवा नाकारायला लावणे येते. कलम ६६ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. खंडणीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८ आहे. सोलापूर शहरच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार द्या. १९३० हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. हल्लेखोर परदेशात असेल तर तो हाती लागेलच असे नाही, पण पुन्हा खंडणीचा ईमेल आला किंवा ग्राहकाशी पैशांवरून वाद झाला तर ही नोंद कामाला येते.

हे सगळे करण्याआधी त्या दोन दिवसांचे अॅक्सेस लॉग होस्टकडून लेखी मागवून घ्या, १८० दिवसांच्या निर्देशाचा उल्लेख करूनच मागा. पॅनेलमधले लॉग काही दिवसांत पुसले जातात आणि खाते बंद असताना तुम्हाला ते दिसतही नाहीत. सोबत त्या वेळचा सीपीयू आणि बँडविड्थचा आलेखही मागा. बँडविड्थ सपाट आणि सीपीयू शंभर टक्के असेल, तर वरचा फिल्टर आणि कार्टचा भाग आधी हाती घ्या. बँडविड्थच कमाल मर्यादेला टेकलेली दिसली, तर आधी प्रॉक्सी आणि नवा आयपी.